पंधरा ऑगस्ट की सव्वीस जानेवारी?

वाचक लिहितात:

"या मे महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. तेव्हाच कुठेतरी जायचं होतं, पण लेकीची सीईटी आणि सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच पंधरवड्यात आलं आणि राहून गेलं. आता ह्यांनी पंधरा ऑगस्टला जोडून रजा टाकायचं ठरवलंय. चार रात्री, पाच दिवस. आरडीचे चार लाख खास त्यासाठी बाजूला काढलेत, त्यामुळे या वेळी काटकसर नको, जरा चैनच करू, असं ह्यांचं म्हणणं. ह्यांच्या डोक्यात मालदीव आहे, तेही पाण्यावर खांबांवर उभी असते ती खोली. लेक म्हणते बाली. वहिनी म्हणतात फुकेत, त्या जाऊन आल्यात. मला पोहता येत नाही. मांडव्याच्या बोटीतसुद्धा माझं पोट ढवळतं. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही, कारण रोज रात्री जेवण झालं की इतक्या हौसेने व्हिडिओ दाखवतात. मला खरं तर कुठेही चालेल. फक्त चार दिवस 'आई, चहा' अशी हाक ऐकू यायला नको.
— कुठेही चालेल, पातलीपाडा, ठाणे"

प्रिय 'कुठेही चालेल',

आधी ही सही बदला. नौपाड्यातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी २२ वर्षं काउंटरला बसले. जोडपं समोर बसलं की नवरा बोलायचा, आणि बायकोकडे बघितलं की ती पर्सचा पट्टा चाळवत म्हणायची, "मला काय, कुठेही चालेल." परत आल्यावर फोन मात्र तिचाच यायचा. नाश्त्याला काय नव्हतं, बाथरूम कसं निसरडं होतं, कुठल्या बेटावर भर उन्हात दोन तास ताटकळत ठेवलं, सगळं तारीखवार पाठ. तिला कुठेही चालत नव्हतं हे तेव्हा आम्हा दोघींनाही कळायचं, पण पैसे भरून झालेले असायचे.

तुमच्या पत्रात मला पहिल्यांदा खटकली ती तारीख. लग्न मे महिन्यातलं, साजरं करायचं ऑगस्टमध्ये. म्हणजे मुहूर्त तसाही टळलाच आहे. मग ऑगस्टच का? पंधरा ऑगस्टची सुट्टी मिळते म्हणून, एवढंच ना? सव्वीस जानेवारीचीही मिळते. रजा जवळपास तेवढ्याच टाकाव्या लागतील, चार लाख आणखी पाच महिने बँकेत राहतील, आणि तोवर वारा फिरलेला असेल. माझा अर्धा सल्ला इथेच संपला. उरलेला अर्धा का लिहिते आहे, तर तुमच्या ह्यांना पटवायला तुमच्या हातात काहीतरी हवं.

तुम्ही ठाण्याच्या, म्हणजे चेंदणी कोळीवाडा तुम्हाला माहीत असणार. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोळी होडी खोल पाण्यात घालत नाहीत. त्यात श्रद्धा आहे आणि पिढ्यानपिढ्यांचा हवामानाचा हिशेबही आहे. जूनपासून नैऋत्येचा वारा समुद्र घुसळत असतो, तो श्रावणात कुठे जरा नरमायला लागतो. हाच वारा मालदीववरून जातो. तिकडच्या धिवेही भाषेत या मोसमाला 'हुळंगू' म्हणतात (आपल्यासारखा 'ळ' त्यांच्याकडेही आहे, मला उगाच त्याचं कौतुक). मे ते ऑक्टोबर हुळंगू. मग वारा ईशान्येकडून वाहू लागतो, आणि साधारण डिसेंबर ते एप्रिल आकाश कोरडं, पाणी काचेसारखं. ह्यांच्या व्हिडिओत दिसणारं निळं पाणी बहुतेक त्या चार-पाच महिन्यांतलं असतं. व्हिडिओखाली महिना लिहायची पद्धत नाही, हेच दुखणं.

मालदीवचा ऑगस्ट अगदीच वाया जातो असंही नाही. आपल्यासारखी तीन-तीन दिवस झड लागतेच असं नाही; सर येते, तासाभरात जाते, ऊन पडतं. दरही उतरलेले असतात. बा अटोलमध्ये (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारू म्हणून एक उपसागर आहे, तिथे याच महिन्यांत मांटा जातीचे अवाढव्य मासे जमतात आणि ते बघायला जगभरचे पोहणारे येतात. पण तुम्ही पोहणाऱ्या नाही. तुमच्या वाट्याला येणार उसळलेलं पाणी, हेलकावणारी बोट आणि पाच दिवसांपैकी दोन ढगाळ निघाले तर ह्यांचं पडलेलं तोंड. सहा महिन्यांची सुट्टी असती तर जुगार खेळा म्हटलं असतं.

वहिनींना विचारा, फुकेतला नेमक्या कधी गेल्या होत्या. डिसेंबर ते मार्चमधला महिना निघेल बघा. ऑगस्टमध्ये फुकेतचा पश्चिम किनारा त्याच नैऋत्य वाऱ्याच्या तोंडावर असतो, किनाऱ्यांवर पोहू नका सांगणारे लाल बावटे लागतात, आणि फी फी बेटांवरचा तो प्रसिद्ध माया बे तर ऑगस्ट-सप्टेंबर दरवर्षी पर्यटकांना बंदच ठेवतात. अंदमान, लक्षद्वीप, गोवा, श्रीलंकेचा गॉलकडचा किनारा, सगळ्यांची हीच कथा. थायलंडमध्ये कोह सामुई मात्र आखाताच्या बाजूला असल्याने ऑगस्टमध्ये बरं असतं, पण त्यासाठी आणखी एक विमान बदलावं लागतं.

लेकीचं बाली ऑगस्टसाठी हवामानाच्या दृष्टीने एकदम बरोबर आहे. विषुववृत्ताच्या पलीकडे असल्यामुळे एप्रिल ते ऑक्टोबर तिकडे कोरडा मोसम. पण ऑगस्ट हा तिथला गर्दीचा कळस. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, प्रवास लांबचा, आणि एकदा पोचलं की उबुड एका टोकाला, उलुवातूचा कडा दुसऱ्या टोकाला, मध्ये चांगू-सेमिन्याकच्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा. गायमुखपासून कापूरबावडीपर्यंत रोज सडणाऱ्या माणसाने पैसे मोजून पुन्हा तेच कशाला करायचं? बालीला आठ दिवस द्या, कधीतरी, लेकीला घेऊन. चार रात्रींत ते बसत नाही. आणि जानेवारीत तिकडे ऐन पावसाळा असतो, म्हणजे माझ्या तारखेलाही ते बाद.

आता ह्यांची रजा खरोखरच हलत नसेल (खरोखरच, म्हणजे साहेबांना विचारून, "नाही मिळणार" असं गृहीत धरून नाही), तर ऑगस्टसाठी माझं उत्तर मॉरिशस. मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांचं. रोज नसतं, तेव्हा वार जुळतात का ते आधी बघायचं आणि मगच रजेचा अर्ज टाकायचा. ऑगस्टमध्ये तिकडे हिवाळा. हिवाळा म्हणजे आपल्या दृष्टीने माथेरान: दुपारी छान ऊन, संध्याकाळी खांद्यावर शाल. पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर तेव्हा वारा फार, म्हणून हॉटेल पश्चिमेचं घ्यायचं, फ्लिक-आं-फ्लॅकच्या बाजूचं. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचं कडं आहे, त्यामुळे आतलं पाणी शांत आणि उथळ. पोहता न येणारं माणूस कमरेइतक्या पाण्यात निवांत उभं राहू शकतं. विमानतळावरून हॉटेलपर्यंत मोटारीचा रस्ता, बोटीचा प्रश्नच नाही.

आणि मॉरिशसला आपली माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या मजुरांमध्ये कोकणातलेही होते. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, देवळांत आरत्या म्हणतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. पोर्ट लुईच्या बंदरात ज्या पायऱ्यांवरून ही माणसं उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आमच्या एका ग्राहक काकू तिथल्या बाजारात भाजीवालीशी मोडक्या हिंदीत घासाघीस करत होत्या, तर ती एकदम म्हणाली, "आमी पन मराठी." काकूंनी घासाघीस तिथल्या तिथे सोडली. परत आल्यावर समुद्राचा एक शब्द बोलल्या नाहीत, तासभर त्या भाजीवालीचंच सांगत होत्या.

असो. तुमचा ऑगस्ट सुटला असं धरून पुढे जाते.

छोट्या सहलीत मी लोकांना एकच गणित करायला लावायची. 'चार रात्री पाच दिवस' हे जाहिरातीचं मोजमाप. पहिल्या दिवशी तुम्ही पातलीपाड्याहून पहाटे अडीच-तीनला निघणार, म्हणजे आदली रात्र झोपेविना. मुक्कामी पोचून आंघोळ केली की डोळे मिटायला लागणार. शेवटच्या दिवशी सकाळपासून बॅग. हातात राहतात तीन दिवस. प्रत्येक बदललेलं विमान, प्रत्येक बोट, प्रत्येक 'इथे दोन तास थांबा' हे त्या तिनातून कापलं जातं. चार लाखांना तीनने भागून बघा, एका दिवसाची किंमत कळेल. ह्यांना हा आकडा मोठ्याने वाचून दाखवा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हा आम्हीही मालदीवला गेलो होतो, आणि मी, जिने शेकडो लोकांना ही तिकिटं काढून दिली, तिने स्वतःचं विमान निवडताना तीन हजार रुपये वाचवले. स्वस्त विमान मालेला दुपारी साडेचारला उतरलं. आमचं बेट लांबचं, तिथे जायला सी-प्लेन. आणि सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, पाण्यावर उतरायचं तर वैमानिकाला पाणी दिसायला हवं. शेवटचं आमच्यासमोर गेलं. काउंटरवरच्या मुलाने अगदी गोड आवाजात सांगितलं की आता उद्या सकाळी. ती रात्र विमानतळाजवळच्या एका लॉजवजा हॉटेलात काढली: ट्यूबलाइट, करकरणारा पंखा, खिडकीबाहेर भिंत. आमचे हे सूटकेसवर बसून डब्यातली चकली खात होते, एक शब्द बोलत नव्हते. न बोलणंच जास्त लागतं, नाही का? तिकडे बेटावरच्या आमच्या रिकाम्या खोलीचं त्या रात्रीचं भाडं पूर्ण लागलं, हे वेगळंच. सकाळी सी-प्लेनमध्ये बसल्यावर मात्र सगळं विसरले. पंधरा-सोळा माणसांचं विमान, वैमानिक अनवाणी, कानात बोळे, आणि खाली निळ्या पाण्यात कोणीतरी हिरव्या बांगड्या टाकल्यासारखी बेटं.

तर आता मुद्द्यावर. तुम्हाला वाटत असेल मी श्रीलंका म्हणणार. जानेवारीत गॉल-बेंटोटाचा किनारा सुरेख असतो, विमान अडीच तासांचं, बोट नाही, विमानतळावरून दक्षिणेकडे चांगला द्रुतगती मार्ग, आणि तुमच्या पैशांत तिथे मालदीवपेक्षा दोन पायऱ्या वरचं हॉटेल मिळेल. जेवण तर कोकणाचं चुलतभावंड: ओल्या नारळाचं पोल सांबोल भातावर घेतलं की घरी बसल्यासारखं वाटतं. (शाकाहारी असाल तर विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा 'उंबलकड' म्हणजे सुक्या ट्यूना माशाचा चुरा असतो.) माझ्या मनाने मी श्रीलंकाच निवडली असती.

पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. चार दिवस हाक नको. श्रीलंकेत गेलात की ह्यांना कोणीतरी सांगणार, कँडी इतकं जवळ आहे, सिगिरिया बघितल्याशिवाय कसं परतणार, नुवारा एलियाला म्हणे चहाचे मळे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तुम्ही गाडीत, मांडीवर बिस्किटांचा पुडा आणि ओल्या टॉवेलची पिशवी. आपल्या लोकांना पॉइंट बघायचा रोग आहे, मीही त्यातलीच. मालदीवचा मोठा गुण हा की तिथे बघायला काहीही नाही. एका बेटावर एकच हॉटेल, चालत फेरी मारली की पंधरा मिनिटांत पुन्हा आपल्या दारात. नवऱ्याला इच्छा असूनही तिथे कार्यक्रम आखता येत नाही. तुमच्या मागणीला याहून सोयीची जागा मला दिसत नाही.

तेव्हा मालदीवच, पण जानेवारीत, आणि खोली वाळूवरची.

पाण्यावरच्या खोलीबद्दल नीट सांगते, कारण व्हिडिओत ते कोणी सांगत नाही. दिवसा ती स्वर्ग आहे, मान्य. रात्री फळ्यांखाली पाणी चुळुक चुळुक वाजत राहतं. कोणाला त्याने गाढ झोप लागते, कोणाला वाटतं नळ नीट बंद केला नाही. पाण्याची भीती असलेल्या माणसाला रात्री दोनला काचेच्या जमिनीखाली काहीतरी हललेलं दिसलं की पुढची झोप गेली. डेकवरून शिडी थेट पाण्यात उतरते, बऱ्याच ठिकाणी कठड्यालाही उघडा भाग असतो. जेवायला जायचं तर लाकडी पुलावरून लांब चाल, नाहीतर बग्गीची वाट. वाळूवरच्या व्हिलात पाय खाली टाकला की वाळू, दोन झाडं ओलांडली की समुद्र, आणि भाडं बहुतेक बेटांवर पाण्यावरच्या खोलीपेक्षा कमी. ह्यांची हौस अगदी मोडायची नसेल तर शेवटची एक रात्र पाण्यावर घ्या, पुष्कळ हॉटेलं अशी वाटणी करून देतात. मात्र त्या दिवशी एक खोली सोडणं आणि दुसरी मिळणं यात दोन-तीन तास अधांतरी जातात, सामान तेच हलवतात. तो सौदा तुम्हाला परवडतो का, तुम्ही ठरवा.

बेट निवडताना एक उलटी खूण लक्षात ठेवा. जिथे 'हाउस रीफ' (बेटालगतचं प्रवाळाचं कडं) 'अप्रतिम' असं लिहिलेलं असतं तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो. पोहणाऱ्यांना तेच हवं असतं. तुम्ही विचारायचं, लगून, म्हणजे प्रवाळाच्या आतलं शांत पाणी, किती रुंद आहे आणि किनाऱ्याजवळ पाणी कुठवर येतं. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत असं उत्तर आलं की ते तुमचं बेट. तिथे ह्यांनाही लाइफ जॅकेट घालून मासे बघता येतील.

बोटीचं भय आहे, म्हणून उत्तर किंवा दक्षिण माले अटोलमधलंच बेट घ्या, विमानतळाच्या धक्क्यावरून स्पीडबोटीने अर्ध्या तासाच्या आतलं. विमानतळ स्वतःच एका बेटावर आहे. दारातून बाहेर पडलं की समोर धक्का. जानेवारीतल्या सकाळचं ते पाणी आणि मांडव्याचं गढूळ, उलटसुलट लाटांचं पाणी यांत फार फरक आहे. तरी आपल्या डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी निघण्याआधी घ्या, बोटीत मागच्या बाजूला बसा (पुढे आपटते जास्त) आणि क्षितिजाकडे बघा, फोनकडे नको. विमान असं घ्या की मालेला दुपारी एक-दोनच्या आत उतराल. आपल्यापेक्षा त्यांचं घड्याळ अर्धा तास मागे असतं, आणि काही हॉटेलं आपल्या बेटापुरतं ते आणखी एक तास पुढे ढकलतात, संध्याकाळ लांबावी म्हणून. परतीची बोट कुठल्या घड्याळाने सुटणार हे विचारून ठेवा, इथे भलेभले फसतात.

विमानतळावरून आठवलं. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, २५ डिसेंबर २०२५ पासून. तिकीट काढताना बीओएम (मुंबई) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई) ते डोळे फाडून बघा. पातलीपाड्याहून अंधेरीची आणि उलव्याची वाट अगदी वेगवेगळी, आणि पहाटे तीनला ही चूक सुधारता येत नाही.

पैशांचं सांगते. मालदीवच्या हॉटेलांचे भाव डॉलरमध्ये असतात आणि त्यापुढे पुष्कळदा दोन अधिक चिन्हं असतात. आम्ही त्याला 'प्लस प्लस' म्हणायचो, ग्राहक त्याकडे बघायचेच नाहीत. एक अधिक म्हणजे १० टक्के सेवाशुल्क, दुसरं म्हणजे त्यावरचा १७ टक्के कर. जाहिरातीतले १०० डॉलर बिलात जवळजवळ १२९ होतात. वर ग्रीन टॅक्स, रिसॉर्टवर माणशी रोज १२ डॉलर. तुम्हा दोघांचे चार रात्रींचे ९६. समजा तिकिटं, बोट, ग्रीन टॅक्स आणि किरकोळ वजा जाता हॉटेलसाठी तीन लाख उरले, तर जाहिरातीतला चार रात्रींचा भाव २ लाख ३३ हजारांच्या आत हवा, म्हणजे रात्रीला ५८ हजार. त्यात जेवणही बसवायचं आहे. दोन वेळच्या जेवणाचं पॅकेज स्वस्त दिसतं, पण दुपारी भूक लागली की त्या बेटावर समोर उडुपी नसतं. एक सँडविच आणि पाण्याची बाटली डॉलरमध्ये मोजावी लागते. तिन्ही वेळचं घ्या. आमच्या अनुभवात लोकांची तोंडं बिलाच्या वेळी पडायची ती खोलीपेक्षा या वरखर्चामुळेच. बोटीच्या भाड्याची रक्कम पॅकेजमध्ये धरली आहे ना, हे लेखी घ्या. एजंटकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, लावतील. तो काही बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, फक्त तेव्हा हातात पैसे हवेत. आणि तारखा नाताळ-नवीन वर्षाच्या गर्दीपासून लांब ठेवा, तेव्हा दर आभाळाला टेकतात. जानेवारीच्या शेवटी ते खाली येतात, अगदी स्वस्त मात्र होत नाहीत.

जेवणाबद्दल आठवडाभर आधी हॉटेलला ईमेल टाका: किती माणसं, काय खात नाही, कुठल्या वारी उपास. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरात भारतीय आचारी असतो आणि आधी कळलं तर तो मनापासून करतो. ह्यांना विमानतळावरच्या दुकानातून बाटली घेऊ देऊ नका. मालदीवमध्ये दारू घेऊन शिरता येत नाही, माले विमानतळावर काढून घेतात. रिसॉर्टच्या बारमध्ये मिळते, तिथल्या भावाने. व्हिसाचे पैसे लागत नाहीत. निघण्याआधीच्या ९६ तासांत 'इमुगा' या सरकारी साइटवर प्रवासाची माहिती भरावी लागते, तीही फुकट. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी समजा. पासपोर्ट आजच कपाटातून काढा. सहा महिन्यांहून कमी मुदत उरली असेल तर आधी ते नूतनीकरण. लेकीच्या सीईटीच्या गडबडीत पासपोर्ट बघायला कोणाला वेळ मिळाला असेल असं मला वाटत नाही.

राहिलं ह्यांना सांगणं. रात्री व्हिडिओ चालू असताना सांगू नका, ते हिरमुसतील. रविवारी सकाळी उपवन तलावावर फेरी मारायला जाता का? तिथे कट्ट्यावर बसून पाण्याकडे बघत सांगा, "मला पाण्याची भीती वाटते, मांडव्याला जाताना मी डोळे मिटून बसते." एवढंच वाक्य, पुढे 'पण तुम्हाला हवं असेल तर' जोडू नका. तो 'पण' निघाला की सगळं पाण्यात. माझा अंदाज, ते पहिल्यांदा विचारतील, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" त्याचं उत्तर तुमचं तुम्ही द्या. मग फोनवर वाळूवरच्या खोलीचा फोटो दाखवायचा, शोधून ठेवलेला. तारखेचं त्यानंतर काढा. दोन्ही एकदम काढलं तर त्यांना वाटेल त्यांचा सगळाच बेत मोडला.

सासूबाई आणि लेक घरी एकमेकींना सांभाळतील. फोनचा वेळ ठरवून टाका, रात्री नऊ ते सव्वानऊ, एरवी वायफाय बंद. लेकीला गॅसचा नंबर, कामवालीचा नंबर आणि डोळ्यांच्या थेंबांची वेळ फ्रिजवर चिकटवून द्या, म्हणजे तुम्हाला फोन करायला तिच्याकडे कारणच उरणार नाही.

बहुतेक खोल्यांत किटली असते, पण त्यांच्या त्या दोऱ्याच्या पुड्यांना चहा म्हणवत नाही. घरची चहापूड, वेलदोडे आणि दुधाची पावडर बरोबर घ्या. चारही सकाळी चहा ह्यांनी करायचा, ही अट उपवनच्या कट्ट्यावरच घालून या.